विचारा, सांगते : यंत्रं तीन, माणूस एक

गेल्या अंकात मी दुकानातल्या सेल्फ चेकआउटबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच माल स्कॅन करून पैसे भरायच्या यंत्राबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, या खेपेला पत्रांत दुसरा विषयच नाही. बरंच झालं, लोणच्याला बुरशी का येते यावर मी तरी किती लिहिणार? नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची साताऱ्याची, राहते आर्टिशियाला, आणि निवृत्त होईपर्यंत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका सुपरमार्केटात चेकर होते, म्हणजे गल्ल्यावर. शेवटची काही वर्षं मला गल्ल्यावरून उचलून यंत्रांपाशी उभं केलं होतं. युनियनची सभासद होते हेही आधीच सांगते. पुढे जे मत येईल ते कोणत्या बाजूने येतंय हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, सध्या लेकीकडे लाँग बीचला आहे. इथल्या दुकानातलं यंत्र मला फार आवडायचं. इंग्रजी बोलायला नको, कुणी घाई करत नाही. लेकीने शिकवलं आणि मी एकटीने दूध-केळी आणायला लागले. आता त्या यंत्रांपुढे सामानाच्या ढकलगाड्या आडव्या लावून ठेवल्यात आणि शहराने कायदा केला म्हणून बंद, असं सांगतात. जावई म्हणतात, हा सगळा युनियनचा हट्ट. पण जवळच्याच दुसऱ्या दुकानात यंत्रं सुरू आहेत. खरं काय?

उत्तर : जावई अर्धे बरोबर आहेत. कायद्यामागे युनियनचा जोर होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण यंत्रं बंद करा असं त्या कायद्यात एकाही ओळीत नाही.

लाँग बीचच्या कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये हा नियम मंजूर केला आणि २१ सप्टेंबरपासून तो लागू झाला. तो मोठ्या किराणा दुकानांना आणि औषधांच्या दुकानांना आहे. दर तीन यंत्रांमागे एक कर्मचारी हवा आणि तेवढा वेळ त्याच्या गळ्यात दुसरं काम घालायचं नाही. यंत्रावर पंधरापर्यंतच वस्तू घ्यायच्या. कुलपात ठेवलेला किंवा चोरीविरोधी टॅग लावलेला माल यंत्रावर चालणार नाही. आणि यंत्रं सुरू ठेवायची तर माणसाचा निदान एक गल्ला उघडा पाहिजे. बस, एवढंच. आता तीन यंत्रांमागे एक पगार द्यायचा की यंत्रांपुढे गाड्या आडव्या लावायच्या, हे दुकानाने ठरवायचं. काहींनी गाड्या लावल्या आणि पाटीवर शहराचं नाव लिहून मोकळे झाले.

या शहराला हे नवीन नाही. करोनात, २०२१ च्या सुरुवातीला, लाँग बीचने किराणा कामगारांना तासाला चार डॉलर जादा द्यायचा नियम केला होता. त्यावर क्रोगर या सुपरमार्केट चालवणाऱ्या कंपनीने शहरातली आपली दोन दुकानं, एक राल्फ्स आणि एक फूड फॉर लेस, बंद केली. शहराने नियम करायचा, कंपनीने काहीतरी बंद करायचं आणि गिऱ्हाइकाने शहराला शिव्या घालायच्या, हा क्रम इथे एकदा पुरा होऊन गेलाय.

आता दुसऱ्या दुकानाचं. नियम शहराचा आहे, राज्याचा नाही. ज्यांनी पगार द्यायचं ठरवलं त्यांची यंत्रं लाँग बीचमध्येही चालू असणार. आणि तुम्ही सिग्नल हिलच्या दुकानात गेला असाल तर तिथे हा नियमच नाही. ते चहूबाजूंनी लाँग बीचने वेढलेलं, पण वेगळं शहर आहे. लेकवुडही वेगळं. राज्यभर असा कायदा करायचा प्रयत्न २०२४ मध्ये झाला होता. लोला स्मॉलवुड-क्युएव्हास या सिनेटरबाईंचं विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये मंजूर झालं आणि असेंब्ली या दुसऱ्या सभागृहात अडकलं. किराणा दुकानदारांच्या संघटनेचा त्याला कडाडून विरोध होता. राज्याचं दार लागलं तेव्हा शहराचं ठोठावलं.

दर तीन यंत्रांमागे एक माणूस हे ऐकायला चैनीचं वाटेल. जावयांना वाटतंच असणार. म्हणून ते काम काय असतं ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ती बाई नुसती उभी दिसते.

माझ्याकडे एका वेळी आठ यंत्रं असायची. प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा. तो लुकलुकायला लागला की तिकडे जायचं. पहिल्या यंत्रावर कुणी आपली कापडी पिशवी वजनाच्या जागेवर ठेवलेली असते, यंत्राला ते अनोळखी वजन पटत नाही. तिसऱ्यावर पोर त्याच जागेवर चढून बसलेलं. चौथ्यावर कूपन चालत नाही. सहाव्यावर एक बाई कोथिंबिरीची जुडी हातात धरून पडद्यावर चित्र शोधतायत, त्यांना पार्सलीचं चित्र सापडतं. सुट्या भाजी-फळांचा ठरलेला आकडा यंत्रावर दाबावा लागतो. मला कोथिंबीर ४८८९, आलं ४६१२, केळी ४०११ हे अजून झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आणि आठव्यावर एक जण महागडं मांस काट्यावर ठेवून स्वस्त केळ्यांचा आकडा दाबतोय. हे मला दिसतं, पण मी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर पाचव्यावर सरकारी मदतीचं कार्ड अडकतं आणि ती बाई रडकुंडीला येते, कारण मागे रांग आहे आणि सगळे बघतायत. त्यात मॅनेजरचा आवाज येतो, जरा पुढची चॉकलेटं लावून घे, हात रिकामे आहेत तुझे.

शिव्या खाल्ल्या आहेत, अंगावर धावून आलेले लोकही पाहिले आहेत. चोराच्या मागे धावायचं नाही असा आम्हाला हुकूम होता, तो योग्यच. पण मग मी तिथे नक्की कशासाठी आहे, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. म्हणून ‘दुसरं काम द्यायचं नाही’ ही कायद्यातली ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते, तीनाच्या आकड्यापेक्षाही.

पंधरा वस्तूंची मर्यादा मात्र मला पटलेली नाही. मोजणार कोण? तीच यंत्रापाशी उभी असलेली बाई. सहा लिंबं म्हणजे सहा वस्तू की एक? मॅगीची चार पाकिटं? कायद्याने तिचं काम हलकं करायचं म्हटलं आणि एक नवं भांडण तिच्याच पदरात टाकलं.

तुमच्यापुरतं सांगते. माणसाच्या गल्ल्यावर जायला घाबरू नका. सामान पट्ट्यावर ठेवा, रक्कम पडद्यावर दिसते, कार्ड टेकवा. बोलावं लागलंच तर ‘नो बॅग’ एवढे दोन शब्द पुरतात. चेकर स्वतःहून हसून काहीतरी विचारेल, त्याला मान हलवली तरी चालतं. आम्ही दिवसभर तेच तेच विचारतो, उत्तराची वाट कुणी बघत नाही.

प्रश्न : अ‍ॅरिझोनाहून भाऊ आला होता. यंत्रावर बिअर घेता येईना म्हणून त्याची चिडचिड झाली. हाही नवाच नियम का?

उत्तर : नाही हो, जुना आहे. कॅलिफोर्नियात सेल्फ चेकआउटवर दारू विकायला बंदी करणारा कायदा २०११ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१२ पासून सुरू आहे. वय माणसाने समोरासमोर तपासायचं. यंत्रांवर सरकारने बोट ठेवलंय ते काल-परवा नव्हे, हे यातून दिसतं. भावाला म्हणावं, गल्ल्यावर जा आणि ओळखपत्र बाहेर काढ, केस पिकले असले तरी.

प्रश्न : काकू, मी इथे एम.एस. करतोय. यंत्रावर सामान घेतलं, बाहेर पडताना मला अडवलं. कार्टच्या खालच्या फळीवर तांदळाची मोठी बॅग होती, ती स्कॅन करायची राहिली. मी लगेच पैसे देतो म्हटलं, तरी आत नेऊन फोटो काढला, एका कागदावर सही मागितली. मी घाबरून दिली. पोलीस आले नाहीत. आता घरी पत्र आलंय, अमुक डॉलर भरा म्हणून. घरी आई-बाबांना सांगितलेलं नाही. माझ्या व्हिसाचं काय?

उत्तर : बाळा, पहिल्यांदा श्वास घे. मग तुझ्या विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी कायदेविषयक सल्ला मिळतो का ते आजच बघ आणि तिथे जा. मी वकील नाही. जे सांगते ते इतकी वर्षं दरवाज्याच्या आतल्या बाजूला उभं राहून कळलेलं.

कॅलिफोर्नियात चोरी ठरायला चोरीचा हेतू लागतो. विसरणं म्हणजे चोरी नव्हे. पण दुकानाला वाजवी संशय असेल तर थोडा वेळ थांबवून चौकशी करायचा हक्क आहे, तो दंड संहितेच्या कलम ४९०.५ मध्ये आहे. त्याच कलमात दुकानाला पन्नास ते पाचशे डॉलरपर्यंत दिवाणी भरपाई मागायची मुभा आहे, वर मालाची किंमत आणि खर्च. तुला आलेलं पत्र बहुतेक तेच असणार. तो कोर्टाचा दंड नाही. ते पैसे भरले म्हणून पुढे फौजदारी तक्रार होणारच नाही, असंही नाही. म्हणून भरायचे की नाही हे पत्र वकिलाला दाखवून ठरव, घाबरून ऑनलाइन भरून टाकू नकोस. आणि सही केलेल्या कागदाची प्रत मागून घे. त्यात ‘विसरलो’ लिहिलंय की ‘चोरलं’, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

व्हिसाची काळजी फुकटची नाही. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासानेच जाहीर इशारा दिला होता की अमेरिकेत चोरी, घरफोडी किंवा मारहाण केली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढे मिळणंही अवघड होईल. म्हणून इमिग्रेशनचं कळणारा वकील गाठ, नुसता फौजदारीतला नको. आणि आई-बाबांना सांग. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल.

पुढच्या वेळेसाठी इतरांनीही वाचा. खालच्या फळीवरचं आधी स्कॅन करा. आपल्या लोकांचं तिथेच फसतं, कारण वीस पौंडांचा तांदूळ वर कोण उचलणार? यंत्राशेजारच्या माणसाला हाक मारा, त्याच्याकडे हातात धरायचा स्कॅनर असतो. एखादी वस्तू वाजली नाही तर तशीच पिशवीत टाकू नका. पावती घ्याच, ईमेलवर नको, कागदावर. आणि पैसे देईपर्यंत पोराच्या हातातलं बिस्किट फोडू नका.

या पत्रामुळे मला लाँग बीचच्या कायद्यातली एक गोष्ट जास्त खटकायला लागली आहे. त्याच्या नावातच ‘सुरक्षित दुकान’ आहे. राज्याच्या विधेयकालाही चोरी रोखण्याचंच लेबल होतं. कामगारांचे हाल म्हणून सांगितलं तर कुणी ऐकत नाही, चोरी म्हटलं की नगरसेवक सरसावून बसतात, हे मी समजू शकते. पण त्यामुळे काय झालं? माणसं किती, वस्तू किती, सगळं मोजलं आणि ज्या गिऱ्हाइकाला आपण फुकट चेकर केलं, त्याच्यासाठी एक ओळ लिहिली नाही. मी गल्ल्यावर असताना माझ्या हातून एखादी वस्तू स्कॅन व्हायची राहिली तर मॅनेजर फार तर डोळे वटारायचा. तीच गोष्ट या मुलाच्या हातून झाली तर फोटो आणि सही. ज्याला कुणी काम शिकवलं नाही त्याला पहिल्या चुकीला पैसे भरायची संधी द्यायची, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. शेजारी उभा केलेला माणूस मदतीला आहे की पाळतीला, हे कायद्याने ठरवायला हवं होतं. ते दुकानावर सोडलं. दुकान काय ठरवणार, ते सांगायला हवं का?

प्रश्न : नमस्कार. मी अर्वाइनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, पण हे यंत्राला विरोध म्हणून विरोध नाही का? एटीएम आलं तेव्हाही लोक ओरडले होते. उद्या लिफ्टमध्ये लिफ्टमन हवा असाही कायदा कराल. गिऱ्हाइकाला यंत्र हवं आहे, बाजाराला ठरवू द्या.

उत्तर : पत्र सभ्य आहे, त्यामुळे मीही सभ्यपणे भांडते.

एटीएम स्वतः नोटा मोजतं. सेल्फ चेकआउट काय मोजतं? उचलायचं तुम्ही, बारकोड शोधायचा तुम्ही, पिशवी भरायची तुम्ही. यंत्र फक्त तुमच्यावर लक्ष ठेवतं. हे काम यंत्राने घेतलेलं नाही, ते गल्ल्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवलंय. सरकवण्याची ही रीत जुनीच आहे. १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्सने पिगली विगली हे दुकान काढलं, तेव्हा फळीवरून माल काढून द्यायचं दुकानदाराचं काम गिऱ्हाइकाकडे आलं. त्यात आपला फायदा झाला, माल हाताळून घेता येऊ लागला. १९७४ मध्ये बारकोड आला, त्यात माझ्यासारखीचा फायदा झाला, किमती पाठ करायला नकोत. १९८६ मध्ये अटलांटाजवळ एका क्रोगरमध्ये डेव्हिड हम्बल यांचं पहिलं सेल्फ चेकआउट लागलं. त्यात कुणाचा फायदा झाला, ते तुम्ही मला सांगा. रोड आयलंड राज्यात एका विधेयकात असं सुचवलं होतं की दहा किंवा जास्त वस्तू स्वतः स्कॅन करणाऱ्याला बिलात दहा टक्के सूट द्या. मला ते वाचून टाळी वाजवावीशी वाटली. काम केलंय ना, मग मजुरी टाका.

बाजाराला ठरवू द्या म्हणता, तर बाजाराने थोडं ठरवलंच आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बूथ्स या साखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की अठ्ठावीसपैकी दोन दुकानं सोडून बाकी सगळीकडची यंत्रं काढणार. इथल्या डॉलर जनरल या साखळीने २०२४ मध्ये हजारो दुकानांतून ती काढली, कारण माल चोरीला जात होता. टार्गेट या दुसऱ्या साखळीने त्याच वर्षी बहुतेक दुकानांत दहा वस्तूंची मर्यादा घातली. लाँग बीचच्या पंधरावर ओरडणाऱ्यांनी त्या दहावर पत्रं लिहिल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. कंपनीने घातली की धोरण, शहराने घातली की जुलूम!

नेदरलँड्समध्ये यम्बो नावाच्या साखळीने २०१९ मध्ये तर उलटा गल्ला काढला. तिथे मुद्दाम हळू, गप्पा मारत बिल करायचं, एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पुढे असे दोनशे गल्ले करायचं त्यांनी ठरवलं. मला तिथे नोकरी मिळाली असती तर मी निवृत्तच झाले नसते.

तुमच्या एका मुद्द्याला मान देते. लोकांना यंत्र हवं असतं. दोन वस्तू घेऊन झटकन निघणाऱ्याला हवं, आणि वर नाशिकच्या बाई आहेत, त्यांनाही हवं. कुणाशी न बोलता सामान घेता येणं हीसुद्धा मोकळीक आहे, हे मी यंत्रांपाशी उभी राहूनच शिकले. म्हणून मी यंत्रं काढा म्हणत नाही, म्हटलेलंही नाही. त्याच्याजवळ एक माणूस ठेवा आणि त्याला दुसरं काम सांगू नका, एवढीच मागणी आहे. ती एवढी महाग पडत असेल तर यंत्रातली बचत कुठून येत होती हे उघडच झालं. लिफ्टमनचं म्हणाल तर लिफ्ट अजून कुणावर चोरीचा आळ घेत नाही.

प्रश्न : यंत्रावर किंमत एक आणि फळीवर दुसरी असेल तर कुणाची खरी? दुकानातला मुलगा म्हणाला, संगणकात आहे तीच.

उत्तर : मुलगा चुकला. कॅलिफोर्नियात दुकानाने जाहीर केलेल्या, लावलेल्या किमतींपैकी सगळ्यात कमी असेल तीच घ्यायची असा कायदा आहे. फळीवरच्या पाटीचा फोनवर फोटो काढा आणि पैसे द्यायच्या आधी दाखवा. ऐकलं नाही तर आपल्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वजनमाप खात्याकडे तक्रार करा. ते लोक खरोखर येऊन माल स्कॅन करून बघतात, आमच्या दुकानात आले की मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. यंत्रातल्या काट्यावरही त्या खात्याचा शिक्का चिकटवलेला असतो, तोही बघून ठेवा.

प्रश्न : पुण्यात असा कायदा हवा का? इथेही एका क्रीडासाहित्याच्या दुकानात टोपलीत कपडे टाकले की आपोआप बिल होतं.

उत्तर : तिथे मालात चिप असते, स्कॅन करायचं काम तुमच्याकडे नाही, त्यामुळे माझी वरची अर्धी तक्रार तिथे लागूच पडत नाही. पुण्याच्या किराणा दुकानात मी गेल्या खेपेला बघितलं ते वेगळंच. गल्ल्यावर माणूस आहे, पिशवी भरायला माणूस आहे, आणि दारात पावतीवर शिक्का मारायला तिसरा आहे. तुमच्याकडे आज यंत्राचा प्रश्न नाही, मोबाइल नंबरचा आहे. तो दिल्याशिवाय बिलच होत नाही असं मला तोंडावर सांगितलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय की बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका. आग्रह धरला तर तिथल्या तिथे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. स्पीकरवर लावलात तर बिल लवकर होतं.